कुठली मंगळवार पेठ?

मंगळवार पेठ सोलापुरात आहे, पुण्यात आहे, कोल्हापुरात आहे, साताऱ्यात आणि कराडातही आहे. यांपैकी कोणत्याही गावात रिक्षात बसून नुसते ‘मंगळवार पेठ’ म्हटले की रिक्षा निघते; कुठल्या गावची, असे कुणी विचारत नाही. तेच दोन शब्द पाकिटावर लिहून पाकीट नागपूरच्या पेटीत टाकले, तर ते कुठेच पोचणार नाही. नावात काही उणे नाही. ज्या हद्दीत ते बोलले जाते तिथे ते पूर्ण आहे. हद्द ओलांडली की अपुरे पडते. संगणकांच्या जाळ्यांत नावावरून पत्ता कसा सापडतो, या प्रश्नाचे मर्म इथेच आहे. घराघरांतल्या वायफाय राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. तोच आकडा सोलापुरातल्या हजारो घरांत आहे आणि जगातल्या कोट्यवधी घरांत आहे, तरी गोंधळ होत नाही, कारण घराबाहेरचे कुणी त्या आकड्याला हाक मारत नाही. इंटरनेटची मानके लिहिणाऱ्यांनी फेब्रुवारी १९९६ मध्ये १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते अशा घरगुती वापरासाठी कायमचे बाजूला काढून ठेवले. आतले नाव म्हणजे बाहेरच्या नावाचे अर्धवट, आळशी रूप, अशी समजूत संगणक हाताळणाऱ्यांतही आढळते. ती चुकीची आहे. आतल्या नावाला स्वतःचे राज्य असते, आणि आत-बाहेरची सीमा जिथे नीट आखली गेली तिथेच नावांची व्यवस्था टिकली. सोलापूरच्या पत्त्यांचा इतिहास आणि इंटरनेटवरच्या नावांचा इतिहास दोन्ही याचीच साक्ष देतात.

सोलापूरच्या जुन्या वस्त्यांची नावे बघावीत. नवी पेठ, पूर्व भाग, दक्षिण कसबा, जुनी गिरणी. नवी कशाच्या मानाने, पूर्व कशाच्या, जुनी कोणापेक्षा, हे नावात सांगितलेले नाही, कारण ते नाव घेणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक आहे. वेशींची नावे तर गावकुसाच्या आत उभे राहून बाहेर बघणाऱ्याने ठेवलेली आहेत: तुळजापूर वेस तुळजापुरात नाही आणि विजापूर वेस विजापुरात नाही, त्या त्या गावाची वाट जिथून निघते तिथे त्या आहेत. मंगळवार पेठेची पूर्व आणि पश्चिम, कसब्याची उत्तर आणि दक्षिण, अशी वाटणी गावाने गावातच करून घेतली. त्यासाठी पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेला विचारावे लागले नाही. घर क्रमांकांचेही तसेच. एक पेठ सोडून दुसऱ्या पेठेत गेले की तोच क्रमांक पुन्हा भेटतो आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. शिवाय हे चार भाषांचे गाव. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे इथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात, आणि एकाच जागेला एकाहून अधिक नावे असणे हा इथला नित्याचा व्यवहार आहे.

यातले जुन्या गिरणीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १८७० च्या दशकात मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या कापड गिरणीचे कायद्याच्या दप्तरातले नाव ‘शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’. पुढे गावात आणखी गिरण्या निघाल्या, तेव्हा ही जुनी ठरली आणि साऱ्या गावाच्या तोंडी तेच नाव बसले. १९४९ मध्ये गिरणी बंद पडली, जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, आणि एका भागधारकाने त्याविरुद्ध केलेला अर्ज थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९५० मध्ये लागलेला चिरंजीतलाल चौधरी खटल्याचा निकाल समानतेच्या हक्काबद्दल आजही कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. दिल्लीच्या न्यायालयात ‘जुनी गिरणी’ हे शब्द कुणाच्याही उपयोगाचे नव्हते, कारण देशात जुन्या गिरण्या कितीतरी. उलट सोलापुरात पाळीला निघालेल्या कामगाराने ‘स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीत जातो’ असे घरी सांगण्याचे काही कारण नव्हते. दोन्ही नावे खरी, दोन्ही एकाच वास्तूची, आणि दोघांचे कार्यक्षेत्र वेगळे. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही आणि घेण्याची गरजही नाही.

बाहेरचे जग सोलापुराशी जोडले जाऊ लागले तेव्हा गावाने आतली नावे टाकून दिली नाहीत. बाहेरून आलेल्या प्रत्येक व्यवस्थेने त्या नावांवर आपला एक थर चढवला. १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापुरापर्यंत आली. तिच्या वाटेवर कुर्डुवाडीपाशी जे स्थानक झाले त्याचे नाव रेल्वेने ‘बार्शी रोड’ ठेवले. त्या नावात कुर्डुवाडीला जागा नव्हती. बार्शीच्या बाजारपेठेला जायचे असेल तर इथे उतरावे, एवढीच सूचना लांबच्या प्रवाशासाठी त्यात होती. पुढे १८९७ मध्ये बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी तिथून बार्शीपर्यंत धावू लागली आणि ती सूचना अक्षरशः खरी झाली. आज फलकावर कुर्डुवाडी आहे, आणि रेल्वेने आपली आतली भाषा वेगळी काढली आहे: सोलापूरसाठी ‘एसयूआर’, कुर्डुवाडीसाठी ‘केडब्ल्यूव्ही’ असे संकेत, जे साऱ्या देशात एकाच स्थानकाचे असतात. फलकावरचे नाव माणसांसाठी आणि संकेत यंत्रणेसाठी, ही फोड संगणकांच्या कितीतरी आधी झालेली होती.

तारखात्याने याहून चतुर सोय केली. व्यापारी पेढीला आपल्या गावच्या तार कार्यालयात वार्षिक शुल्क भरून एका शब्दाचा तारेचा पत्ता नोंदवता येई. त्या शब्दापुढे गावाचे नाव जोडले की तार पोचे. शब्द अद्वितीय असायला हवा तो फक्त त्या गावच्या नोंदवहीत. मुंबईत तोच शब्द दुसऱ्या पेढीने घेतला तरी हरकत नव्हती, कारण ‘सोलापूर’ हा पुढचा शब्द दोघांना वेगळे करी. म्हणजे सबंध देशाची एकच नोंदवही ठेवण्याची गरज उरली नाही. प्रत्येक गावाने आपली नोंदवही सांभाळायची आणि बाकीच्यांनी फक्त ते गाव कुठे आहे एवढे लक्षात ठेवायचे. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तिने बसवलेली ही घडी इंटरनेटवर दर क्षणी वापरली जाते. खेड्यातल्या पत्राचीही रचना हीच. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असे लहानाकडून मोठ्याकडे लिहायचे, आणि टपाल वर्गीकरण करणाऱ्याने खालून वर वाचायचे: आधी जिल्हा, मग तालुका, मग पोस्ट. शेवटचे पाऊल पोस्टमनचे. पूर्व भागातल्या बोळात कोणते दार कुणाचे, हे दिल्लीत कुणाला माहीत नसते आणि माहीत असायचे कारणही नाही.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड आला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी होते. संस्कृत कवी म्हणूनही त्यांचे मोठे नाव आहे. देशात एकाच नावाची अनेक गावे, लिप्या अनेक, अक्षरे दुर्बोध. यावर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय काढला. सोलापूरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा ४१३००१. पहिला ४ पश्चिमेकडच्या विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गीकरणाचा जिल्हा, उरलेले तीन वाटप करणाऱ्या कार्यालयाचे. मात्र हा ‘४१३’ म्हणजे सोलापूर जिल्हा नव्हे. बारामती ४१३१०२ आहे आणि ती पुणे जिल्ह्यात आहे. लातूर ४१३५१२, धाराशिव ४१३५०१. टपालाच्या वाटा महसुली सीमा पाळत नाहीत, त्या गाड्यांच्या सोयीने जातात. उस्मानाबादचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले आणि पिन कोड होता तसाच राहिला. नाव एका कारणाने बदलते, पत्ता दुसऱ्या कारणाने, म्हणून दोघांना वेगळे ठेवून मध्ये एक नोंदवही असणे शहाणपणाचे. टेलिफोननेही हीच शिस्त पाळली. सोलापुरातल्या सोलापुरात फोन लावताना ०२१७ लागत नसे. बाहेरून लावताना लागे. आरंभीचे शून्य केंद्राला सांगे, की ही हाक गावाबाहेर जाणार आहे.

आता अमेरिकेकडे वळू, कारण संगणकशास्त्रज्ञांना हाच धडा नव्याने शिकावा लागला. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर सुरुवातीला मोजकेच संगणक होते. प्रत्येकाचे नाव आणि पत्ता एकाच यादीत असे. ‘होस्ट्स’ नावाची ती फाईल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली राखली जाई. नवा संगणक जोडायचा तर तिथे कळवायचे, त्यांनी नोंद करायची, आणि मग जगभरच्या संगणकांनी नवी यादी उतरवून घ्यायची. नाव साऱ्या जाळ्यात एकदाच वापरता येई. ही व्यवस्था का कोलमडली, याचे कारण पुढची व्यवस्था रचणाऱ्या पॉल मोकापेट्रिस यांनी १९८७ च्या आपल्या मसुद्यात मांडले आहे. यादी वाटण्याचा भार संगणकांच्या संख्येच्या वर्गाने वाढतो, हे एक. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे आणि ते फारसे कुणी सांगत नाही. संस्था आपापल्या इमारतींत स्वतःची स्थानिक जाळी उभारू लागल्या होत्या, आपली नावे आणि पत्ते स्वतः सांभाळू लागल्या होत्या, पण आत केलेला बदल बाहेर दिसण्यासाठी त्यांना त्या एका कार्यालयाची वाट बघत बसावे लागे. शिवाय नावांना आपल्या संस्थेची अशी काही रचना असावी, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे इंटरनेटची आजची नावपद्धती जन्मली ती वरून कुणी मोठा आराखडा काढला म्हणून नव्हे. स्थानिक जाळ्यांनी आपल्या नावांवरचा हक्क मागितला म्हणून. मोकापेट्रिस यांचे पहिले दोन मसुदे नोव्हेंबर १९८३ चे. त्यांतून डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, आली.

डीएनएसने तारखात्याचीच युक्ती पायरीपायरीने वाढवली. सोलापूर जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ ‘सोलापूर डॉट गव्ह डॉट इन’ या नावाने आहे. टपाल वर्गीकरणासारखे हे नावही उलटे वाचायचे. संगणकाच्या वतीने शोध घेणारा नेमसर्व्हर आधी मूळ सर्व्हरला विचारतो: ‘इन’ कोण सांभाळतो? तो भारताच्या नोंदणीकडे बोट दाखवतो. तिथे विचारायचे: ‘गव्ह डॉट इन’ कोणाकडे? ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या अखत्यारीत आहे. तिथून शेवटी ‘सोलापूर’ या नावाचा आकडी पत्ता मिळतो. मूळ सर्व्हरला सोलापूर ठाऊक नाही; त्याला फक्त भारताचे दार माहीत आहे. मिळालेले उत्तर काही काळ जवळ जपून ठेवायचे, मुदत संपली की पुन्हा विचारायचे. त्यामुळे सर्व्हर एका इमारतीतून दुसरीकडे हलला तरी नाव तेच राहते. भारताचे हे ‘इन’ दार १९८९ मध्ये उघडले, आणि ते पुढची दीड दशके सांभाळले मुंबईत जुहूला असलेल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीने. नियम कडक होते आणि नोंदणी थोडी. २००५ पासून हे काम नॅशनल इंटरनेट एक्स्चेंजकडे गेले, नियम सैल झाले, आणि जिल्ह्याच्या गावातल्या दुकानदारालाही ‘इन’वर संपणारे नाव घेता येऊ लागले. देशाच्या नावाची पहिली नोंदवही जुहूच्या एका सरकारी संशोधन संस्थेत लिहिली गेली, ही गोष्ट महाराष्ट्राच्या तंत्रेतिहासात अधिक ठळकपणे लिहिली जायला हवी.

आतल्या बाजूची कहाणी वेगळ्या वाटेने गेली. एका खोलीत चार संगणक आणि एक प्रिंटर असेल तर नोंदवही ठेवणाऱ्याची गरजच पडत नाही. हाक मारली की ज्याचे नाव त्याने ओ द्यायची. १९८० च्या दशकात आयबीएमच्या संगणकांसाठी बनलेल्या आणि पुढे मायक्रोसॉफ्टने आपलीशी केलेल्या नेटबायोस पद्धतीत हेच होते. पंधरा अक्षरांपर्यंतचे नाव. चालू होताना संगणक सगळ्यांना सांगतो, ‘मी हे नाव घेत आहे’, आणि कुणी हरकत घेतली नाही तर ते त्याचे. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतला टॉवेलचा कारखाना असो, रुग्णालय असो की पतसंस्था, विंडोजचे संगणक एकमेकांना जोडले गेले तिथे हीच पद्धत राबली. कुणाची परवानगी नाही, शुल्क नाही, बाहेरची लाईन चालू असण्याची अटही नाही. हिची मर्यादाही तितकीच उघड आहे. हाक जिथवर ऐकू जाते तिथवरच नाव चालते, आणि राउटर ती हाक पलीकडे जाऊ देत नाही. साखर कारखान्याची वजनकाट्याची खोली एका जाळ्यात आणि लेखा विभाग दुसऱ्यात असला की नुसत्या हाकेने भागत नाही; तिथे आतलीच एक नोंदवही, म्हणजे संस्थेचा स्वतःचा नेमसर्व्हर, ठेवावा लागतो. अर्पानेटला जे झाले तेच लहान प्रमाणात प्रत्येक वाढत्या संस्थेत घडते. आणि अर्पानेटची ती जुनी ‘होस्ट्स’ फाईल अजून गेलेली नाही. विंडोज आणि लिनक्सच्या प्रत्येक संगणकात ती असते, आणि बहुधा संगणक बाहेर विचारण्याआधी तीच उघडून बघतो.

अडचण सुरू झाली ती सीमा पुसली गेल्यावर. दोन हजार सालाच्या आसपास लहान कार्यालयांचे जाळे उभारताना आतल्या नावाच्या शेवटी ‘लोकल’ हा शब्द लावण्याची प्रथा मायक्रोसॉफ्टच्या दुनियेत रुळली. त्यासाठी आतला नेमसर्व्हर असे. ऑगस्ट २००२ मध्ये ॲपलने नोंदवहीशिवाय, हाकेवर चालणारी नवी पद्धत आणली आणि तिच्यासाठीही नेमका हाच शब्द निवडला. आता एकाच कार्यालयात काही यंत्रे ‘लोकल’ने संपणारे नाव सर्व्हरला विचारत आणि काही सगळ्यांना हाक मारून. कधी उत्तर मिळे, कधी नाही, कधी उशिरा. स्टुअर्ट चेशायर यांनी लिहिलेल्या मानकाने फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘लोकल’ हाकेच्या पद्धतीसाठी राखीव करून वाद मिटवला, पण जुनी जाळी तशीच राहिली होती. दुसऱ्या संस्थांनी मनानेच ‘होम’, ‘कॉर्प’, ‘मेल’ असे शेवट वापरले. कर्मचाऱ्याने लॅपटॉप घरी नेला की तो आतले नाव बाहेरच्या मूळ सर्व्हरला विचारू लागे, आणि हे प्रश्न तिथे प्रचंड संख्येने जाऊन आदळत. २०१२ मध्ये नव्या शेवटांसाठी अर्ज मागवले गेले आणि कुणी ‘होम’ किंवा ‘कॉर्प’ विकत घेतले तर काय होईल, हा प्रश्न उभा राहिला. आतला प्रश्न बाहेरच्या परक्या सर्व्हरकडे गेला असता आणि त्याने दिलेले उत्तर खरे मानले गेले असते. नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन संस्थेने २०१८ मध्ये हे तीन शब्द कुणालाही न देण्याचे ठरवले, आणि २०२४ मध्ये ‘इंटर्नल’ हा शब्द आतल्या वापरासाठी कायमचा राखून ठेवला. पत्त्यांसाठी जी सीमा १९९६ मध्ये आखली, ती नावांसाठी आखायला आणखी २८ वर्षे लागली. हा उशीर आतल्या नावाला कमी लेखल्यामुळे झाला, असे माझे मत आहे. आकड्यांचा तुटवडा सर्वांना दिसत होता, म्हणून खासगी आकडे लवकर ठरले. नावे अमर्याद आहेत, तेव्हा आतल्यांनी काहीही वापरावे, असा समज होता.

यावर पहिला आक्षेप असा, की आता हिशेबापासून हजेरीपर्यंत सगळे दूरच्या सर्व्हरवर गेले आहे, मग आतल्या नावांची मातब्बरी ती काय? मोबाईल आल्यावर ०२१७ लावण्याचीच गरज उरली नाही, तसे हेही जाईल. आक्षेप वजनदार आहे, पण शेवटचे पाऊल कसे पडते हे तो विसरतो. जगाच्या दुसऱ्या टोकाहून निघालेला संदेशही कार्यालयाच्या राउटरपाशी पोचला की राउटर आतल्या जाळ्यात हाक देतो: ‘हा आकडा कुणाचा?’ ही पद्धत १९८२ पासून चालू आहे. टपाल विमानाने येवो की रेल्वेने, बोळातले दार पोस्टमनच शोधतो. शिवाय बाहेरची वाट बंद पडली तर काय, याचे उत्तर ४ ऑक्टोबर २०२१ रोजी साऱ्या जगाला मिळाले. एका चुकीच्या आदेशामुळे फेसबुकचे नेमसर्व्हर इंटरनेटवरून दिसेनासे झाले आणि सुमारे सहा तास फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम ठप्प होते. दुरुस्तीला वेळ लागण्याचे एक कारण कंपनीनेच सांगितले: दुरुस्तीची आतली साधनेही त्याच नावव्यवस्थेवर अवलंबून होती. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत होत असेल, तर लाईन गेली म्हणून शेजारच्या खोलीतली क्ष-किरण प्रतिमा डॉक्टरला न सापडणाऱ्या रुग्णालयाचा विचार केलेला बरा. ज्या नावाचे उत्तर इमारतीतच आहे, ते विचारायला इमारतीबाहेर जावे लागू नये.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. मे २०२५ मध्ये टपाल विभागाने डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साहाय्याने सारा देश सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत वाटला गेला आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा संकेत मिळाला. संगणकांच्या बाजूला आयपीव्ही६ या इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीने पत्त्यांची संख्या इतकी वाढवली, की प्रत्येक दिव्यालाही जगात एकमेव पत्ता देता येईल. मग पेठ कशाला आणि आतले नाव कशाला? उत्तर असे, की या दोन्ही सोयी पत्ता देतात, नाव देत नाहीत. चौकोन जागेला चिकटलेला आहे; दुकान दोन गल्ल्या पलीकडे गेले की चौकोन बदलतो, दुकानाचे नाव बदलत नाही. आयपीव्ही६ चा पत्ता तर इतका लांब असतो, की तो कुणी तोंडपाठ करणार नाही, आणि म्हणून तिथे नावाची गरज वाढते, कमी होत नाही. रुग्णवाहिकेला अचूक चौकोन कळावा, ही मोठीच गोष्ट आहे आणि डिजिपिनचे स्वागत व्हायला हवे. पण पूर्व भाग म्हणजे हजारो चौकोनांची बेरीज नव्हे. ती माणसांनी मिळून मान्य केलेली हद्द आहे.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. आतला नेमसर्व्हर म्हणजे आतला पहारेकरी. कोण कुठल्या संकेतस्थळावर जातो ते त्याला दिसते. म्हणून २०१८ पासून नावाचा प्रश्न सांकेतिक करून थेट बाहेरच्या मोठ्या सेवेला विचारण्याची पद्धत ब्राउझरांत आली. खासगीपणाची ही काळजी रास्त आहे आणि ती धुडकावून लावता येणार नाही. परंतु या पद्धतीने आतले नावही बाहेर विचारले जाऊ शकते. तिथे ते कुणाला माहीत नसते, आणि कार्यालयाचा प्रिंटर किंवा ग्रंथालयाची सूची सापडत नाही. त्यातून जगभरातले प्रश्न मोजक्या कंपन्यांकडे गोळा होतात, तो भाग वेगळाच. प्रश्न सांकेतिक असावा हे मान्य. तो कुणाला विचारावा हे मात्र नावाच्या हद्दीवरून ठरावे. ‘इंटर्नल’ने संपणारे नाव आतच विचारायचे आणि बाकीचे बाहेर, हा नियम यंत्राला शिकवणे अवघड नाही.

आतल्या जाळ्याची एक मोकळीक तर बाहेरच्या जाळ्याला आजवर पूर्णपणे मिळालेली नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतला ‘भारत’ हा शेवट सुरू झाला आणि मराठीतही संकेतस्थळाचे नाव घेता येऊ लागले. पण डीएनएस मूळची इंग्रजी अक्षरांची. त्यामुळे ‘भारत’ हा शब्द पडद्याआड ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या आणि आकड्यांच्या माळेत बदलूनच पुढे जातो. चेशायर यांच्या स्थानिक हाकेच्या मानकात मात्र युनिकोडमधले नाव जसेच्या तसे चालते. प्रिंटरला ‘लेखा विभाग’ किंवा सामायिक संगणकाला ‘वाचनालय’ असे देवनागरीत नाव दिले, तर ते देवनागरीतच हाकारले जाते. तेलुगू, कन्नड आणि उर्दूचेही तेच. चार भाषांच्या या शहरातल्या शाळा, ग्रंथालये आणि सहकारी संस्था ही सोय जवळजवळ वापरत नाहीत. प्रिंटर विकत आणला तेव्हा कंपनीने घातलेले अक्षर-आकड्यांचे नाव वर्षानुवर्षे तसेच राहते, आणि संगणकांची नावेही विंडोजने बसवताना आपोआप दिलेलीच असतात. ते बदलायला परवाना लागत नाही, पैसे लागत नाहीत. संस्थेने एक वही घालावी, यंत्रांना आपल्या भाषेत नावे ठरवावीत, एकाहून अधिक जाळी असतील तर आतला नेमसर्व्हर बसवून शेवटी ‘इंटर्नल’ लावावे, आणि नवा माणूस कामावर आला की त्याला आधी ती वही दाखवावी.